बेनेडिक्टला शिस्त लागते आहे

३ फेब्रुवारी
आजपासून बेनेडिक्टची जबाबदारी अधिकृतपणे माझी. कोणी दिली नाही, मी घेतली. घरात दुसऱ्या कोणाला वेळ आहे? मुलाच्या कानाला त्याच्या कुरिअर ऑफिसचा फोन चिकटलेला. सून दातांची डॉक्टर, दवाखाना आमच्याच पुढच्या खोलीत, म्हणजे ती घरात असून घरात नसते. नात सकाळी पोहायला जाते आणि उरलेला दिवस केस वाळवते. आमचे हे रिटायर झाल्यापासून शब्दकोड्यात राहतात, जेवायला तेवढे बाहेर येतात.
बेनेडिक्ट सात महिन्यांचा आहे. रंग टोस्टसारखा, एक कान उभा, एक पडलेला. नाव मी ठेवलं. घरात सगळे त्याला भोपू म्हणतात, त्याच्या आवाजावरून. मी बजावलं, कुत्रा असला म्हणून काय झालं, हाक मारताना समोरच्याची किंमत ठेवावी. मुलगा म्हणाला, आई, त्यानं माझ्या बुटाची किंमत ठेवली का?
इथूनच सगळं बिघडतं.

४ फेब्रुवारी
पद्धत ठरली. माझीच, म्हणजे सिस्टरची.
सहाव्या वर्षापासून मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये वाढले. लांबच लांब डॉर्मिटरी, दोन रांगांत पलंग, आणि एक सिस्टर. आम्ही तिला चावीबाई म्हणायचो, कारण कमरेला हा एवढा जुडगा. ती कधी ओरडली नाही, कधी हात उगारला नाही. कॉरिडॉरच्या टोकाला जुडगा खुळखुळला की आम्हा सगळ्यांच्या पाठी ताठ, तोंडं बंद, डोळे समोर. या वयात माझा कणा सरळ आहे तो कोणामुळे? हाडांचे डॉक्टर काय वाटेल ते म्हणोत.
तर चाव्या. कपाटाची, गच्चीची, गॅरेजची आणि कशाच्या ते आता कोणालाच आठवत नाही अशा तीन, मिळून जुडगा केला. कमरेला लावला. आरशात बघितलं. छाप पडते.

५ फेब्रुवारी, सकाळ
पहिला धडा. जुडगा खुळखुळवला. बेनेडिक्टनं खुंटीवरचा पट्टा ओढून काढला, दारावर उडी मारली, मग माझ्यावर.
कारण कळलं. या घरात चाव्या वाजवणारा प्रत्येक जण बाहेर जातो, म्हणून त्याला वाटतं की चाव्या म्हणजे मजा. चूक त्याची नाही, आधीच्या संस्कारांची. पुसून काढावं लागेल.
हे म्हणाले, अगं, चाव्या वाजल्या की दार उघडतं, एवढं त्याला कळलंय, अजून काय पाहिजे?
मी म्हणाले, तुम्ही तुमचं आडवं सात बघा.

८ फेब्रुवारी
लक्षणीय प्रगती. चाव्या वाजवल्यावर बसला. पाय घसरून बसला असं नातीचं म्हणणं. शेवटी बसला की नाही?
बक्षीस द्यायचं नाही हा नियम. चावीबाईंनी आम्हाला कधी बिस्किट दिलं नाही. मी एक दिलं. दुसरं कॅल्शियमसाठी दिलं.

११ फेब्रुवारी
आज जे झालं त्यात बेनेडिक्टचा दोष किती हे नीट बघायला हवं.
दवाखान्यात रिटायर्ड पोस्टमास्तर नवी कवळी बसवून घ्यायला आले होते. खुर्ची आडवी, तोंड उघडं. तेवढ्यात सुनेच्या हातून स्कूटरची चावी फरशीवर पडली. चावीचा आवाज! बेनेडिक्ट झुलत्या दारातून आत, पोस्टमास्तरांच्या पोटावरून पलीकडे, ट्रेमधली कवळी उचलून बाहेर. माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा हसत होता. दात माणसाचे होते.
मी डोकं शांत ठेवलं. तो बसावा म्हणून जुडगा खुळखुळवला. तो फाटकातून पसार. आख्ख्या गल्लीनं त्याला हसताना पाहिलं.
वरची कवळी समोरच्यांच्या वाफ्यात सापडली. खालची सापडली नाही. पोस्टमास्तर पुष्कळ बोलले, पण दातांशिवाय बोलल्यामुळे मला नीट कळलं नाही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
बैठक झाली. मुलानं फोन चक्क उपडा ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजलंय.
गावाबाहेर कुत्र्यांचं बोर्डिंग आहे. मेजर नावाचा माणूस चालवतो. सैन्यात नव्हता, मिशांवरून मेजर. सहा आठवडे ठेवून घेतो, शिकवून परत देतो.
मी म्हणाले, गरज नाही. सून म्हणाली, आई, पेशंट हसायला लागलेत. मी म्हणाले, हसू देत की, दातांचा दवाखाना आहे. ती म्हणाली, आई, मी थट्टा करत नाहीये. मला सुई टोचताना सारखं दाराकडे बघावं लागतं. आणि बोर्डिंगनंच मला घडवलं असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?
मी म्हणाले, ते वेगळं. नातीनं विचारलं, वेगळं कसं, आजी? मला गॅसवरच्या दुधाची आठवण झाली.
अखेर अट ठरली. महिनाअखेरीस सगळ्यांसमोर परीक्षा. चाव्या वाजवल्यावर शांत बसला तर राहील. नाहीतर मेजर.
बघूच. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही.

१२ फेब्रुवारी
टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. सकाळी बसणं, दुपारी थांबणं, संध्याकाळी मौन.

१३ फेब्रुवारी
बेनेडिक्टनं टाइमटेबल खाल्लं. शिक्षणाची गोडी लागल्याचं लक्षण.

१७ फेब्रुवारी
अभ्यासाला वातावरणच नाही. सकाळी मिक्सर, दुपारी सुनेचं ड्रिल मशीन, मध्येच कुरिअरवाले बेल वाजवतात. चावीबाईंच्या पाठीमागे आख्खी दगडी इमारत होती. माझ्या पाठीमागे सोफा आहे, आणि त्याचा एक हात आता नाही.

२० फेब्रुवारी
परीक्षा होईपर्यंत बेनेडिक्टची झोपण्याची सोय माझ्या खोलीत. लाड म्हणून नाही, देखरेख म्हणून. त्याला वेगळी सतरंजी दिली आहे, निळ्या पट्ट्यांची. तो सतरंजीवरच झोपतो. सतरंजी माझ्या पलंगावर आहे.
हे नातीच्या खोलीतल्या खाटेवर गेले. जाताना उशी झटकून नेली.

२५ फेब्रुवारी
आज मी पलंगावर बसले तर तोही शेजारी बसला. मी उठले, तो उठला. सून दारातून बघत होती. म्हणाली, आई, कोण कोणाला शिकवतंय? तिला दुपारी तीन रूट कॅनाल होते, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

२८ फेब्रुवारी
परीक्षा. सगळे हॉलमध्ये. पोस्टमास्तरही नव्या दातांसह आले, कोणी बोलावलं कोण जाणे. बाहेरचा परीक्षक असलेला बरा, असं मी म्हणाले.
मधोमध उभी राहिले. ताठ. जुडगा खुळखुळवला.
निकाल असा: एक फुलदाणी. पडदा, दांडीसकट. पोस्टमास्तरांचा चष्मा; दात त्यांनी हातानं धरून ठेवले होते. शेवटी पट्टा तोंडात घेऊन बेनेडिक्ट दारापाशी उभा राहिला आणि चला ना, अशा तोंडानं आम्हा सगळ्यांकडे बघू लागला.
माझं म्हणणं असं की खोलीत सगळेच बसलेले होते, त्याला वाटलं असेल बसायला जागाच नाही. कोणी ऐकून घेतलं नाही. मुलगा नुसता म्हणाला, आई, उद्या मी सोडून येतो.
मी म्हणाले, मीच नेईन. माझा विद्यार्थी आहे.

१ मार्च
नेलं. सामान मीच भरलं: वाटी, टॉवेल, चेंडू, सतरंजी. माझ्या वेळी पत्र्याची ट्रंक होती, झाकणाच्या आतून आईनं माझं नाव रंगवलं होतं. जुडग्यातल्या त्या तीन चाव्यांपैकी एक त्या ट्रंकेचीच असावी.
मेजर म्हणाला, बाई, जाताना मागे बघू नका. बघितलं की जास्त रडतात. मी म्हणाले, मला शिकवू नका, मी यातूनच गेलेय.
मागे बघितलं नाही. आईनंही बघितलं नव्हतं. तिची साडी अबोली रंगाची होती, फाटकाच्या जाळीतून वळणापर्यंत दिसत होती. हे इथं लिहिण्याचं काही कारण नाही.

२ मार्च
घर शांत आहे. उत्तम. पुस्तक घेऊन बसले. कमरेचा जुडगा सुटून खाली पडला. काहीच झालं नाही.

४ मार्च
हे आपल्या पलंगावर परत आले. म्हणाले, जागा बरीच आहे गं.
पहिले पंधरा दिवस भेटायला जायचं नाही हा तिथला नियम. योग्य आहे. मी जाणार नाही.

६ मार्च
गेले. भेटायला नाही, संस्थेचा दर्जा बघायला.
मेजरनं जाळीच्या अलीकडे उभं केलं. पलीकडे सिमेंटची फरशी, कुत्र्यांची रांग. बेनेडिक्ट शेवटून दुसरा. मग मेजर आतल्या बोळातून चालत आला. त्याच्या कमरेलाही जुडगा. खुळखुळ आवाज झाला आणि सगळी रांग एकदम बसली. पाठी ताठ. तोंडं बंद. डोळे समोर.
बेनेडिक्टही बसला.
मी जाळीपाशी होते हे त्याला कळलं होतं. शेपटीचं टोक एकदा फरशीवर आपटलं. मग त्यानं ते थांबवलं. वळून बघितलं नाही.
मेजर बाहेर येऊन म्हणाला, बाई, काय कुत्रा आहे! इतक्या लवकर शिकलेला मी कधी पाहिला नाही. भुंकणं तर बंदच. मी म्हणाले, छान.
मग मी म्हणाले, आमच्याकडे लग्न आहे, याला घरी न्यावं लागेल. मेजर म्हणाला, लग्नात कुत्रा कशाला? मी म्हणाले, आमच्यात लागतो.
घरी सांगितलं, तिथं खरजेची साथ आली आहे, सगळ्यांना परत पाठवलं. कोणी जास्त विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

७ मार्च
घरात सगळे खूश. चाव्या वाजल्या की बसतो. मुलगा म्हणाला, वा! सुनेच्या पेशंटनी विचारलं, कुत्रा आजारी आहे का? ह्यांनी टेबलाखालून टोस्ट दिला तर त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, खाऊ का म्हणून. मी दूध बघायला गेले. गॅसवर दूध नव्हतं.
शिस्त लागली. माझीच पद्धत यशस्वी झाली, हे नोंदवून ठेवते.

८ मार्च
मात्र मेजरचं शिक्षण फार वरवरचं आहे. पुसून काढावं लागेल.
नवी पद्धत: चाव्या वाजवायच्या आणि लगेच दार सताड उघडायचं. दर वेळी. अपवाद नाही.

९ मार्च
चाव्या वाजवल्या, दार उघडलं. तो उंबऱ्यावर बसला. डोळे समोर. मीच बाहेर गेले, वाट बघितली, आत आले.

११ मार्च
आज जुडगा खुळखुळवत एकटीच गल्लीला चक्कर मारली, तो खिडकीतून बघेल म्हणून. समोरच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? मी म्हणाले, नाही, शिकवणी चालू आहे. पोस्टमास्तर फाटकात उभे होते, लगेच आत गेले.
कोणी काही म्हणो, मी सोडणार नाही. मेजरचा विद्यार्थी म्हणून त्याला मी आयुष्य काढू देणार नाही.

१३ मार्च
चाव्या वाजवल्यावर त्याचा पडलेला कान हलला. लक्षणीय प्रगती. दोन बिस्किटं. कॅल्शियमसाठी.

१५ मार्च, दुपार
जुडगा वाजवला. एक क्षण काही नाही. मग भोपूनं पट्टा खुंटीसकट उपटला, दारावर धडकला, माझ्यावर धडकला, मी सोफ्यावर, म्हणजे जिथं सोफ्याचा हात होता तिथून खाली. आणि भुंकला. पहिल्यासारखा, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्या गेल्या.
सून मास्क लावलेलीच बाहेर आली. मागे दारात पेशंट, तोंडात कापूस. मी जमिनीवरूनच बोलणी ऐकायला तयार झाले. तिनं मला हात देऊन उठवलं, भोपूनं माझा चेहरा चाटला तो पुसला, आणि म्हणाली, आई, सांगायचं राहिलं. मेजरचा फोन आला होता. सतरंजी तिकडेच राहिलीय. आणि विचारत होते, लग्न कोणाचं आहे?
मी विचारलं, कधी आला होता फोन? ती म्हणाली, त्याच दिवशी, याला घेऊन तुम्ही घरी पोचायच्या आधीच.
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. खरजेसकट.

१५ मार्च, संध्याकाळ
जेवताना नात म्हणाली, आजी, लग्नात आपण नवरीकडून होतो की नवऱ्याकडून? मुलगा म्हणाला, जेवण बरं होतं ना? ह्यांनी शब्दकोड्यातून डोकं वर न काढता उशी उचलली आणि नातीच्या खोलीकडे निघाले. सून म्हणाली, दवाखान्याच्या दाराला आतून कडी बसवून घेऊ या. मी हो म्हणाले.
सतरंजी आणायला मुलगा जाईल. मी त्या फाटकाशी परत जाणार नाही. मला काम असतं.
शिस्तीचं उद्यापासून नव्यानं बघू. आज चष्मा नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय. कंबरही धरली आहे, ताठ बसवत नाही. शिवाय उजवा हात मोकळा नाही, त्यावर भोपूचं डोकं आहे. सतरंजी येईपर्यंत फक्त.