अँसेल्मचे कान

३ मार्च, शनिवार

पुन्हा झाकण! आजच्या तालमीत चौथ्यांदा अँसेल्म गज हवेत धरून थांबला. "हर्मी, पियानोचं झाकण जरा खाली घेऊ या का? मी बुडतोय." बुडतोय म्हणे! संथ भाग आहे तो, त्यात मी नुसते तीन-तीन सूर धरून बसते. एवढा सहा फुटी गडी, हातात एवढा मोठा चेलो, आणि माझ्या तीन सुरांत बुडतो!

ट्रूडने व्हायोलिन हनुवटीखालून काढलंसुद्धा नाही. काहीतरी पुटपुटली. ती हल्ली पुटपुटतेच.

शेवटी झाकण अर्ध्यावर घेतलं. पण मेअखेर रेकॉर्डिंग आहे, तेव्हा ते सताड उघडं असणार! एकोणीस वर्षं आम्ही तिघं एकत्र वाजवतोय. व्हिएन्नातली निम्मी सभागृहं झाली, आणि नावावर एकही रेकॉर्ड नाही. मी अठ्ठावन्नची. आता नाही तर केव्हा? ही रेकॉर्ड होणारच.

७ मार्च

पोस्पिशिल पियानो लावायला आला होता. त्याला म्हटलं, वरचे सूर मेलेत, लाकडावर टिचकी मारल्यासारखे येतात. त्याने एकेक पट्टी दाबली, परत दाबली. "बाईसाहेब, स्वच्छ वाजताहेत की!" बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हातारा झाला बिचारा. दुसरा माणूस शोधायला हवा. पण हा माझ्या पियानोला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो — जिवावर येतं.

११ मार्च

ट्रूड म्हणाली, खालच्या नावराटिलबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकताहेत. मला काही जाणवलं नाही, मी वाजवत होते. एकोणीस वर्षं बाई गप्प होत्या, आता काय झालं? सुनेशी वाजलं असेल, राग आमच्यावर.

१९ मार्च

काल क्रेम्सला कार्यक्रम. आज तिथल्या पेपरात आलंय — "पियानोने सगळी संध्याकाळ मुठीत ठेवली. चेलो अधूनमधून दिसला." दिसला! ऐकू आला नाही, दिसला!!

मला इतकी लाज वाटली अँसेल्मसाठी. फोन करून सांगितलं, "अरे, गज दाबून वाजव. ताकद कुठे गेली तुझी?" मग म्हणाला, "बघतो." एवढंच. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल

हट्टाला पेटले आहे. ठीक आहे, मी मोठ्याने वाजवते ना? मग हळू वाजवून दाखवते. सकाळपासून दुसरं काही नाही — फक्त हळू. पट्टी दाबायची, पण हातोडी तारेला जेमतेम शिवली पाहिजे. मनगटं भरून आली. गुलाश करपला. करपू दे.

३ एप्रिल

तेच.

९ एप्रिल

आज तालमीत वाजवलं तसं. बोटं नुसती फिरत होती, मला स्वतःला निम्मे सूर ऐकू आले नाहीत. मनात म्हटलं, आता दोघं ओरडतील, "अगं, पियानो कुठाय?"

संपलं तर ट्रूडचे डोळे भरलेले! "हर्मी, अस्संच! किती वर्षांनी!" अँसेल्म उठला आणि माझा हात ओठांशी नेला. मी बघतच राहिले. जे वाजलंच नाही, ते ऐकून भारावले?

दोघं गेल्यावर दिवासुद्धा लावला नाही, खुर्चीत बसून राहिले. आणि मग लख्ख कळलं. अँसेल्मला ऐकू येत नाही! स्वतःचाच चेलो कानावर पडत नाही, म्हणून तो बुडतो, म्हणून माझ्या झाकणाला दोष. आणि ट्रूड पहिल्यापासून त्याच्या होला हो करणारी.

अँसेल्मचे कान! आम्हा तिघांत ज्याच्या कानावर डोळे मिटून विसंबावं, त्याचे! आणि मी फोनवर त्याला ताकदीबद्दल बोलले. खूप रडले.

१० एप्रिल

रडणं पुरे. चेलोवाला बदलायचा नाही. काही झालं तरी नाही. कानाला यंत्र लावावं लागलं तर लावू, त्याला खुणा कराव्या लागल्या तर करू. पण आधी डॉक्टर. रेकॉर्डिंगच्या आत.

२२ एप्रिल, ईस्टर

ट्रूडला कॉफीला नेलं आणि सांगून टाकलं. तिने खसखशीच्या केकचा तुकडा उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. मग माझा हात घट्ट धरला.

"कान तपासायलाच हवेत, खरं आहे," म्हणाली. एकदाची स्पष्ट बोलली! "मी अपॉइंटमेंट घेते. पण तू सोबत हवीस."

"सोबत? कॉलरला धरून आणते त्याला!"

तिला हसू येत होतं की रडू, कळेना.

५ मे

अँसेल्म चक्क तयार! दाढ सुजून गाल फुगला तरी दातवाल्याकडे न जाणारा हा माणूस! "तू येणार असशील तर येतो," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, घाबरतोस कशाला? डॉक्टर काही का म्हणेना, रेकॉर्ड आपण तिघंच करायची. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार नाही."

"वचन?"

"वचन."

"पुन्हा म्हण, हर्मी."

पुन्हा म्हटलं. तो माझ्याकडे पाठ करून गजाला राळ घासत बसला. किती वेळ घासत होता! बिचारा. त्याला सगळं ठाऊक असावं.

१४ मे, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे. बाकावर आम्ही तिघं, अँसेल्म मध्ये, पळून जाऊ नये म्हणून. मी मासिक चाळत होते. त्याने कोपराने ढोसलं. वर बघितलं तर समोर नर्स, वैतागलेली.

ट्रूड उठून माझ्यासमोर उकिडवी बसली. "तीनदा हाक मारली त्यांनी."

"मग जा ना रे, अँसेल्म!"

"त्याला नाही, हर्मी. तुला. नाव तुझंच दिलंय."

अँसेल्म टोपी हातात फिरवत होता, वर बघेना. मी पर्स त्याच्या मांडीवर ठेवली आणि आत गेले.