खांद्यावर उरलेला हात

११ सप्टेंबर १९३७, मॉस्को

आलो एकदाचा. दोन पेट्या, एक उशी आणि वर्तमानपत्रात बांधलेलं पोथ्यांचं गाठोडं. लेनिनग्राडपासून समोर बसलेल्या बाई ते गाठोडं खारवलेल्या मासळीचं समजून माझ्याशी फार गोड वागत होत्या. त्यात संस्कृत व्याकरण आहे हे कळल्यावर खिडकीकडे तोंड करून बसल्या, त्या थेट मॉस्कोपर्यंत.

ओसिप स्टेशनवर आला होता. कॉलेजपासूनचा मित्र, मी शब्दांची मुळं शोधत बसलो, तो नद्यांची. त्याची आणि रिम्माची खोली एकच, त्यात सात कुटुंबांचं स्वयंपाकघर सामाईक. तरी कपाटामागे पडदा लावून माझ्यासाठी कोपरा केला आहे. रिम्मा गरोदर आहे. तिने कोबीचं सूप वाढलं आणि सांगितलं की पाळणा येईपर्यंत कोपरा माझा, नंतर मी पाळण्याखाली झोपायचं. फार दिवसांनी पोटभर हसलो.

आमच्या विद्यापीठातला संस्कृत विभाग वसंतात बंद झाला. आधी विभागप्रमुख बंद झाले, मग विभाग. हे मी देवनागरीत लिहितो आहे. ही लिपी वाचू शकणारे जे होते त्यांच्या बदल्या झाल्या आहेत, त्यामुळे रोजनिशी सुरक्षित आहे म्हणायला हरकत नाही.

१४ सप्टेंबर

नोकरी ओसिपनेच मिळवून दिली. मोठं प्रकाशनगृह, तिसरा मजला, फोटो दुरुस्त करण्याची खोली. जुन्या पोथ्यांतली झिजलेली अक्षरं कुंचल्याने भरायची सवय, एवढ्या भांडवलावर घेतलं मला.

खोलीच्या मालकीण येवलाम्पिया तिखोनोव्ना. पांढरी कडक कॉलर, नाकावर भिंग, जिभेला धार. क्रांतीपूर्वी सारातोवमधल्या फोटोच्या दुकानात व्यापाऱ्यांच्या बायकांच्या दुहेरी हनुवट्या पुसायच्या. मला पाहताच म्हणाल्या, "या प्राध्यापकमहाराज, पूर्वी मी नुसत्या हनुवट्या काढायचे, हल्ली हनुवटीसकट सगळा माणूसच काढावा लागतो. बढतीच म्हणायची."

पद्धत सोपी आहे. दुसऱ्या मजल्यावरचे कॉम्रेड शुबिन फोटो आणतात. कुणाच्या तरी चेहऱ्यावर लाल पेन्सिलीची फुली असते. त्या माणसाला इथे नाव नाही. त्याला 'डाग' म्हणतात. डाग काढायचा, जागा भरायची. बाहेरचा फोटो असेल तर खांब किंवा आभाळ. आतला असेल तर रबराच्या झाडाची कुंडी. या देशाच्या अलीकडच्या फोटोंत इतकी रबराची झाडं का, हे कोडं आज सुटलं. व्याकरणात एखाद्या प्रत्ययाचा लोप होतो, तो दिसत नाही, पण त्याचं काम चालूच राहतं. हा विनोद मी येवलाम्पियाबाईंना ऐकवला. त्या हसल्या नाहीत.

१७ सप्टेंबर

आज जुन्या ओळखीची भेट झाली, माझी माझ्याशीच. नोव्हेंबरात क्रांतीला वीस वर्षं होतात, त्या जाडजूड स्मरणग्रंथात तो धरणाचा फोटो आहे. शाळाशाळांच्या भिंतीवर लागलेला, टपालाच्या तिकिटावर छापलेला. त्यात उजव्या टोकाला, डोळे मिटलेला जो इसम आहे तो मी. दुभाषा म्हणून गेलो होतो. पूर्वेकडची एक भाषा येते म्हणजे सगळ्याच येतात, असं कुणा अधिकाऱ्याला वाटलं. कालवा खोदणाऱ्या एका उझबेक म्हाताऱ्याशी मी संस्कृतात बोललो. त्याने मला टरबूज दिलं.

चौघांची रांग होती: मुख्य अभियंता ल्याडोव, त्याच्याजवळ उपसंचालक चेर्निख, मग खो खो हसणारा ओसिप, मग मी. ल्याडोव वसंतातच 'डाग' झाला. येवलाम्पियाबाईंनी त्याच्या जागी झेंड्याची काठी उभी केली आहे, काम सुरेख. फक्त ल्याडोवचा डावा हात चेर्निखच्या खांद्यावर तसाच राहिला आहे. माणूस नाही, नुसता हात.

नजरचूक कुणाची होत नाही? बाई जेवायला गेल्या तेव्हा मी तो हात फोटोच्या मूळ काचेवर, म्हणजे निगेटिव्हवरच पुसून चेर्निखचा कोट नीट विणून टाकला. नव्या नवरीने सासरी सारवण करावं तसा उत्साह. शुबिननी पाहिलं, सही केली, शाबासकी दिली.

२० सप्टेंबर

येवलाम्पियाबाईंना आज कळलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या बसल्याच.

"तो हात मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "ठेवला होता."

मग खालच्या आवाजात सांगितलं. सारातोवच्या दुकानातली रीत आहे. दारुड्या जावयाला घरच्या फोटोतून काढायचा, पण त्याची काठी, टोपी, बुटाचं टोक, काहीतरी मागे ठेवायचं. जागेला तेवढं पुरतं. काहीच ठेवलं नाही तर जागा उपाशी राहते आणि शेजाऱ्याला ओढते. एकदा उस्तादाने एका नवरीला अगदी स्वच्छ काढलं, आणि वर्षभरात अख्खा बाक रिकामा झाला, असं त्या म्हणाल्या. बाक म्हणजे सहा माणसं.

मी विचारलं, मग हात परत रंगवून टाकू का? त्यांनी कपाळावर हात मारला. फोटो आता स्वच्छ म्हणून सही होऊन आला आहे. त्यात शत्रूचा हात कुणी मुद्दाम घातला हे कळलं, तर घालणाऱ्याचे दोन्ही हात कुठल्या तरी जंगलात लाकडं तोडतील.

लोकसमजुतींच्या टिपणात भर. बाईंची कल्पनाशक्ती चांगली आहे.

२९ सप्टेंबर

चष्म्याचा नंबर बदलला असावा. झेंड्याची काठी आणि चेर्निख यांच्यामध्ये आभाळाची पट्टी होती. हात पुसताना ती मीच रंगवली, म्हणून आठवते. आज ती नाही. चेर्निखचा खांदा काठीला टेकला आहे. मूळ काच उजेडात धरली. तिच्यातही तो कललेला. चेहरा मात्र तसाच, अधिकाऱ्याचा, जणू आपण कलतो आहोत हे त्याला कुणी कळवलेलं नाही.

बाईंना दाखवलं. त्यांनी भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलंच नाही.

४ ऑक्टोबर

शुबिन आले. लाल फुली. चेर्निख.

मी घाईघाईने म्हणालो की धरणाच्या रेलिंगवर ठेवलेली त्याची टोपी काढली तर रेलिंग बिघडेल, ती राहू द्यावी. शुबिन हसतमुख माणूस. खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले आणि काम होईपर्यंत आईच्या हातच्या खारवलेल्या अळंब्यांबद्दल बोलत राहिले. बडीशेप किती, लसूण किती. शेवटी बोट ठेवून म्हणाले, "टोपी राहिली की हो तुमची."

टोपी पुसली. काही ठेवता आलं नाही. बटणसुद्धा नाही.

आता काठीशेजारी रिकामी जागा, आणि तिच्या कडेला ओसिप.

९ ऑक्टोबर

ओसिप हसत नाही. घरातल्या नव्हे, फोटोतल्या ओसिपबद्दल लिहितो आहे. तोंड मिटलं आहे. उजवा खांदा रिकाम्या जागेकडे उतरला आहे.

घरी जेवताना तो उजवीकडे झुकून बसला होता. त्या अंगाने वारा ओढतो म्हणे, दार बंद असलं तरी. रिम्माने चिडवलं, की बाळ माझ्या पोटात आणि तोल तुझा जातोय. तोही हसला. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाला की कचेरीत त्याच्या बाकावर हल्ली कुणी बसत नाही, ऐसपैस जागा मिळते.

त्याला काय सांगू? की तुझ्या शेजारची जागा मी इतकी स्वच्छ केली आहे की—

१४ ऑक्टोबर

ओसिप काठीपासून बोटभर अंतरावर. परवा काच छपाईला जाते. त्याआधी शुबिन पुन्हा वर येतील. येतीलच.

बाई लवकर गेल्या. काचांच्या कपाटाची किल्ली मुद्दाम टेबलावर ठेवून गेल्या, असं मला वाटतं.

फोटोत हात घालायचं ठरवलं. ओसिपच्या उजव्या खांद्यावर, काठीमागून आलेला, डावा हात. पण कुणाचा? ल्याडोव आणि चेर्निख यांचे सगळे फोटो जाळले गेले, नमुना कुठून आणणार? शेवटी माझाच डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि उजव्याने पाहून पाहून उतरवला. नखं, शिरा, लहानपणी मोडून वाकडी जुळलेली करंगळी, सगळं. नक्कल करताना मुळातली चूकही उतरवायची, हा आम्हा पोथीवाल्यांचा धर्म. सरळ करंगळी काढायला मन धजलं नाही.

१६ ऑक्टोबर

ओसिप सरळ!

फोटोत सरळ, घरीही सरळ. दोन वाडगे कण्या खाल्ल्या, तिसरा मागितला, रिम्माला हाताशी धरून पडद्यापर्यंत नाचवलं. वारा थांबला म्हणाला. शुबिननी काच पाहिली, सही केली, खाली पाठवली. चेहरे मोजणारा माणूस हात कुठे मोजतो?

मी पडद्यामागे बसून थोडा रडलो, थोडा हसलो. पोथ्यांनी ऐकलं असेल.

२१ ऑक्टोबर

छापील पान वर आलं. येवलाम्पियाबाईंनी भिंग लावून पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग कुंचला बुडवायला मी डाव्या हाताने रंगाची बाटली पुढे केली, तर त्या बाटलीकडे नाही, करंगळीकडे पाहत होत्या.

"गेलेल्याचं काहीतरी ठेवायचं असतं, प्राध्यापक," त्या म्हणाल्या. महाराज म्हणाल्या नाहीत. "तुम्ही राहिलेल्याचं ठेवलंत."

शाल घेऊन बाहेर गेल्या. मला समजायला थोडा वेळ लागला. हात मागे राहिला आहे, म्हणजे हाताचा धनी गेला आहे. फोटोला एवढंच कळतं.

२४ ऑक्टोबर

उजव्या टोकाचा इसम. त्याच्या कोटातून रेलिंग दिसतं.

डोळे उघडले आहेत.

२६ ऑक्टोबर

शुबिन आले. माझ्यासमोर उभे राहून बाईंना विचारलं की हे टेबल कधीपासून रिकामं आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं असं वाटलं. मग म्हणाल्या, वसंतापासून.

मी बोललो. मोठ्याने बोललो.

दुपारी टेबलावर रबराच्या झाडाची कुंडी ठेवली. माझ्या कागदांवर. पाणी घालून गेले.

२९ ऑक्टोबर

रिम्माने दोन ताटं मांडली. ओसिपने पडदा ओढून पाहिला, विचारलं की कोपऱ्यात हे वर्तमानपत्राचं गाठोडं कुणाचं. तिला वाटलं, मासळी असेल.

तो सरळ बसला होता. जेवता जेवता मधेच उजव्या खांद्याला हात लावत होता, काही चावल्यासारखं.

३१ ऑक्टोबर

काच छपाईहून परत आली, कपाटात आहे. रंग खरवडायचं पातं माझ्या हातात होतं. एक करंगळी, चार बोटं, थोडं मनगट. कुंचल्याने घातलं ते पात्याने खरवडता येतं. मग मी परत येईन. टेबल, ताट, नाव. आणि ओसिप काठीकडे—

रिम्माला काल कळा सुरू झाल्या.

पातं धरलं. काचेला लावलंही. पुष्कळ वेळ तसाच—

ठेवून दिलं. कपाट लावलं.

बाई दारात होत्या. रिकाम्या खोलीत बघून त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

२ नोव्हेंबर

मुलगा. दोघंही सुखरूप.

पाळणा पडद्यामागे ठेवला आहे. मी खाली झोपायचं ठरलं होतं. झोपलो की नाही, कळत नाही. पाय दिसत नाहीत.

आरशात फक्त

तारीख—

डाव्या हाताने लिहितो. उजवा सापडत नाही. अक्षर वेडंवाकडं. क्षमा, कुणाची ते माहीत नाही.

ओसिप खिडकीशी बसला आहे, मांडीवर बाळ. मी मागे आहे. मी म्हणजे, हात. खांद्यावर. तिथेच बरं वाटतं. ऊब आहे.

मघाशी त्याने न वळता खांद्यावर आपला हात ठेवला. माझ्यावर. चाचपत गेला. करंगळीशी थांबला. तिच्या वाकडेपणावरून बोट दोनदा फिरवलं. रिम्माने विचारलं, काय झालं रे. तो म्हणाला, "काही नाही. एक जण होता. ग्ले—"

नावाचं पुढचं अक्षर आठवलं नाही त्याला. पण तेवढं म्हणाला.

हे लिहायला हात उचलावा लागला. उचलला की तो कलतो. आत्ता कलतोय. बाळासकट. उजवीकडे. जागा ओढते. एवढंच लिहितो आणि परत ठेवतो, की माझं नाव