माझ्याच हातचे कुलूप

दिनांक : ७ एप्रिल २०२५

प्रति,
मा. पोलीस उपनिरीक्षक,
वडाची आळी पोलीस चौकी,
कांदिवली (पूर्व), मुंबई.

विषय : आईच्या खोलीला मी स्वतः बसवलेले कुलूप उघडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : हवालदार साहेबांनी काल मला दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. मी खाली सही करणार धाकू महादू घाडी, धंदा चावी-कुलपाचा. पंचनाम्यासाठी आपल्या चौकीला बंद दारे मीच उघडून दिलेली आहेत. शेजाऱ्याला बोलावून "हे घर कोणाचं?" असे विचारल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. वडिलांनी घालून दिलेली ही रीत मी एकदाच मोडली, कारण घर आमचेच होते आणि बोलावणारा माझा सख्खा धाकटा भाऊ लवू होता.

२. आई सगुणा शिमग्याला गावी गेली होती. लवू म्हणाला, "दादा, आईने चावी हरवली. ती यायच्या आत चांगलं कुलूप बसव." मी जुने काढून दुकानातले सर्वांत भारी कुलूप बसवले. बसवणाऱ्याने चावी स्वतःकडे ठेवायची नसते, म्हणून सगळ्या चाव्या त्याच्या हातात दिल्या. शेजारच्या विमलाताई दारातच उभ्या होत्या. त्यांना विचारले असते तर कळले असते, की आई चावी कमरेला लावूनच गेली आहे.

३. आई परतल्यावर समजले की लवूने खोली भाड्याने द्यायचे ठरवले आहे. मी चावी मागितली. तो म्हणाला, "आता ती गावीच बरी. आणि कुलूप तूच लावलंस ना, मग बोंब कशाला मारतोस?" महोदय, चोराने फसवले असते तर धंद्याचा भाग म्हणून सोडून दिले असते. ज्याला मी खांद्यावर बसवून शाळेत सोडले, त्याने माझेच हात माझ्या आईविरुद्ध वापरले. याचा मला फार राग आहे, आणि तो अर्जात लिहू नये हे कळूनही लिहीत आहे.

४. चौकीत सांगण्यात आले की हा घरगुती वाद आहे, आणि मी कुलूप उघडल्यास घरफोडीचा गुन्हा माझ्यावरच लागेल. म्हणजे आईला बाहेर ठेवणारे कुलूप लावताना कोणाची परवानगी लागली नाही, तिला आत घ्यायला मात्र लागते. तरी आपण एक शिपाई पाठवावा आणि घर कोणाचे ते त्याने विमलाताईंना विचारावे. मग मी दाराला ओरखडाही न पडता उघडून देईन.

५. आई रात्री माझ्याकडे झोपते आणि सकाळी पुन्हा आपल्या दारात जाऊन बसते. तिला वाटते, कुलूप अडले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझो झिल कुलपांचा काम करता, तो उघडतलो." एक अवजार यायचे आहे, असे मी तिला खोटेच सांगितले आहे. हे खोटे फार दिवस टिकणार नाही.

शिपायाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
धाकू महादू घाडी

सोबत :
१. खोली आईच्या नावावर असल्याच्या कागदाची प्रत.
२. विमलाताईंचे लेखी म्हणणे.
३. आईची जुनी चावी जोडता आली नाही. ती अजून रोज नव्या कुलपाला लावून पाहते.