उन्हावरचा श्वास

लेंगरे, ता. खानापूर, जि. सांगली
४ फेब्रुवारी २०२४

चि. नाथाजीस ताईचा पोटभर आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहायला घेतलं म्हणून घाबरू नको. फोनवर बोललं की ह्यांना ऐकू जातं. ह्यांची खाट आणि माझी चूल यांच्यामधी आता एक पडदा तेवढा हाय. तू मिल्ट्रीत असताना लिहायची तशीच लिहिते.

तुझ्या दाजींची छाती लय बिघडली. गलाईच्या दुकानात सोनं शुद्ध करता करता जलमभर तेजाबाचा धूर गिळला, त्यो आता उलटा येतोय. दिवसरात नाकात नळी आणि उशाला हवेचं मशीन. लाईट गेली की मशीन ओरडतं आणि मी टाकीची चावी फिरवायला पळते.

पण लिहायचं कारण येगळंच हाय. भर दुपारी, ऊन अंगणात उभं असताना, हे दाराकडं बघून बोलतात. म्हणतात, तानाजी आलाय. उंबऱ्याबाहीर उभा हाय, आत येत न्हाई, श्वास पुरंना म्हणतो. तानाजी भावजी म्हंजे माझा धाकटा दीर. तू तवा बारका होतास, तुला आठवायचे न्हाईत. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिकडं तामिळनाडूत इरोडच्या दुकानात, मागच्या बंद खोलीत, तेजाबाच्या धुरात सापडले आणि गेले. मिसरूड फुटलेलं पोर. हे तवा माझ्या बाळंतपणासाठी गावी आलेले. तार पोचली, हे पोचले, तवर तिथल्या आपल्या लोकांनी कावेरीकाठी अग्नी देऊन राख पाण्यात सोडली होती. ह्यांना तोंडबी बघायला मिळालं न्हाई.

आता एकच धोसरा लावलाय, मला इरोडला न्या. डॉक्टर म्हणाले, मशीनशिवाय घंटाभरबी न्हाई. तू तुझ्या त्या घरावाणी खाटा असलेल्या गाडीतनं पाचगणीला पावणं फिरवतोस, तिच्यात हे मशीन चालंल का? चालत न्हाई असं लिही. म्हंजे मी पत्र दाखवीन आणि विषय मिटंल.

आणि कुणाला बोलू नको, पण परवा दुपारी मलाबी तेजाबाचा वास आला. घरात तेजाबाचा थेंब न्हाई.

तुला आणि सोनियाला जोडीनं आशीर्वाद. माया पातळ करू नको.
तुझी ताई, रंगूबाई

*

वाढे, सातारा
१२ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

चालत नाही असं लिहायलाच बसलो होतो. मग सवयीनं कागदावर आकडेमोड केली आणि निघालं की चालतं. आता खोटं कसं लिहू?

गाडीच्या टपावर आज सोलरचं एकच पॅनेल आहे आणि खाली एक जुनी बॅटरी. पंखा, दिवे आणि छोटा फ्रीज निघतो, त्यापलीकडे काही नाही. पण टप अख्खा मोकळा आहे. पुढपासून मागपर्यंत पॅनेल टाकतो आणि मागच्या बर्थखाली लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या बसवतो. दिवसा ऊन बॅटऱ्या भरणार, गाडी चालू असताना इंजिनही भरणार, आणि अंधार पडला की मशीन त्यांच्यावर चालणार. शिवाय ऑक्सिजनची टाकी जवळ राहीलच. आधी तसलंच मशीन आणून वर्कशॉपच्या अंगणात दिवस-रात्र चालवून बघेन. पास झालं तरच दाजींना हात लावेन. सोनिया इतकी वर्षं नर्स होती, ती सोबत येते म्हणाली. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे, तू घरीच राहा.

भुताचं मात्र मला सांगू नकोस. लेहला बर्फात एकट्यानं ड्यूट्या केल्या, एकही भेटलं नाही. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की माणसाला नाही ते दिसतं, हे आम्हाला तिथं शिकवलं होतं. वासाचं म्हणशील तर दाजींचे जुने कपडे एकदा उन्हात टाक.

दाखवायला पत्र मागितलंस आणि आलं हे असलं. रागावलीस तरी चालेल, तुटू नकोस.
तुझा नाथाजी

*

लेंगरे
२० फेब्रुवारी

नाथाजीराव पावणं, भाऊसोचा रामराम.

तुमचं पत्र हिनं डब्यामागं सारलं हुतं. पोस्टमननं मला आधीच सांगितलेलं, त्यामुळं मागून घेतलं.

तुमी लिहिता, हवा कमी पडली की दिसतं. व्हय, खरं हाय. पण तानाजीलाबी हवाच कमी पडली हुती. म्हणून तर आमचं दोघांचं आता जुळतंय.

पॅनेल बसवा. मी धीर धरतो. फकस्त मागची एक जागा मोकळी ठेवा, सामान टाकू नका.

जास्त लिहवत न्हाई, दम लागतो. तुमच्या जिवावर निघालोय.
भाऊसो

*

इरोड
१९ मार्च २०२४

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं ठीक आहे एवढंच सांगितलं, कारण दाजी शेजारी होते. उरलेलं लिहितो.

बॅटऱ्यांनी मान राखली. बेळगाव गेलं, बंगळूर गेलं, मशीन एकदाही ओरडलं नाही. दाजी खिडकीतून बघत प्रत्येक गावात आपली कुठली माणसं दुकान घालून बसलीत ते सांगत होते. सोनिया म्हणते, असे मोकळे ते तिनं कधी बघितले नव्हते.

दुकानाची गल्ली सापडली, दुकान नाही. तिथं साड्यांचं मोठं शोरूम झालंय. ती मागची खोली होती तिथं आता जिना आहे. दाजी गाडीतून नुसते बघत राहिले आणि म्हणाले, हितं न्हाई त्यो, नदीवर चला.

दुपारची वेळ होती. काठाला जेवढी नेता आली तेवढी गाडी नेली. लांब नळी जोडून त्यांना खाली खुर्चीवर बसवलं. कावेरी इतकी संथ की वाहतेय की नाही कळू नये. त्यांनी पाण्याकडं बघितलं. मग, जेवायला हाक मारावी अशा आवाजात म्हणाले, तानाजी, गाडीत हवा हाय, उन्हावर चालणारी, संपायची न्हाई, चल, बस.

ताई, वारा नव्हता. तरी नाकाला झोंबणारा तो वास आला. सोनियानं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं बघितलं. दाजींना वर चढवलं. मी दार ओढायला लागलो तर म्हणाले, थांबा, त्याला चढू द्या. मी थांबलो. का थांबलो ते मला विचारू नकोस.

आता ते गाढ झोपलेत. उद्या परत निघतो. आमच्यासाठी देवापुढं हात जोड.
तुझा नाथाजी

*

वाढे, सातारा
२७ मे २०२४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझ्या नावाआधीचं 'सौ.' गाळताना हात अडला. दाजींचा दहावा करून आलो त्याला महिना झाला, तरी तुझ्या दाराशी त्यांच्या चपला असतीलच असं वाटतं. इरोडहून आल्यावर थोडेच दिवस मिळाले, पण दाराकडं बघून बोलायचं थांबलं आणि शांतपणे गेले, असं तूच म्हणालीस. तेवढ्यावर मी मन घट्ट केलंय.

आता तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही असं एक लिहितो. सुट्टीच्या सीझनला गाडी पाचगणीला दिली होती. पुण्याचं कुटुंब दुसऱ्याच दिवशी परत आलं. बाई म्हणाल्या, मागच्या बर्थवर कुणीतरी श्वास घेतंय, आणि ॲसिडसारखा वास येतोय. मी हसून वेळ मारली. मग बॅटरीचं मीटर बघितलं. गाडीतलं सगळं बंद, तरी वीज खर्च होत होती. वायरिंग उकललं, फ्यूज काढले, मीटर बदललं. आकडा हलत नाही. आणि तो आकडा मला पाठ आहे, ताई. दाजींचं मशीन चालू असताना तोच असायचा. मशीन तर केव्हाच परत दिलंय.

दुपारी पॅनेल बॅटऱ्या भरतात आणि गाडीतलं ते जे काही आहे ते पीत राहतं. लेहचं जे लिहिलं होतं, ते मोठेपणाचं बोलणं होतं असं समज. मी काय करू ते सांग. गाडी विकायला मन होत नाही.
तुझा नाथाजी

*

लेंगरे
३ जून

चि. नाथाजीस आशीर्वाद.

विकू नको. माणसासकट गाडी विकतात व्हय?

तुमी परत आलासा तवा हे झोपेत होते. तू आणि सोनियानं तसंच उचलून खाटेवर आणलं. तानाजी भावजींना बोलावून आणलं ह्यांनी, पण उतर म्हणायचं सगळ्यांचंच राहिलं. पुढं हे दोन-चारदा हातानं बाहीर खुणा करायचे, मला वाटायचं पाणी मागतात.

गाडी घेऊन ये. दुपारची ये. सोनियाला आण, पुरणपोळी करते.
तुझी ताई

*

लेंगरे
११ जून २०२४

चि. नाथाजीस अनेक आशीर्वाद.

परवा मी सांगितल्यावाणी तू स्टेअरिंगवर पुढं बघत बसलास, मान वळवली न्हाईस. मिल्ट्रीचा शब्द पाळलास. त्यामुळं मागं काय झालं ते तुला ठाव न्हाई, आणि जेवताना सोनियापुढं मला सांगवलं न्हाई. म्हणून लिहिते.

मागचं दार उघडलं तर त्योच वास. बर्थवर कुणी न्हाई, पण चादर मधी दबलेली. मी म्हणाले, भावजी, घर आलं, उतरा. काई झालं न्हाई. ऊन डोक्यावर तापलेलं. मी कोण ते त्यांना काय ठाव असणार सांग. जवा गेले तवा मी नवी नवरी, त्यांच्यापुढं धड बोललेबी नव्हते. मग म्हणाले, आवं, तुमचे दादा आत गेलेत, तुमची वाट बघत्यात, जेवण निवतंय.

तवा गाडी मागनं हळूच वर उचलली. माणूस उतरल्यावर उचलते तशी. तू पुढनं म्हणालास, ताई, काय हललं? मी म्हणाले, काई न्हाई, मी हात टेकला हुता. म्या हात टेकला नव्हता, नाथा. अंगणात कोंबड्या दाणं टिपत होत्या, त्या दोन्ही अंगाला सरकल्या आणि मधी उंबऱ्यापतोर वाट मोकळी झाली. मी पदर डोक्यावर घेतला आणि बाजूला झाले.

मग तू मीटर बघितलंस आणि शून्य, शून्य म्हणत लेकरागत रडलास. मी तुला पाणी दिलं, पण आधी दोन पेले आत पडद्यामागं ठेवून आले हुते. म्हणून तुला द्यायला उशीर झाला.

ह्यांचं मशीन गेल्यापासनं घर लय मुकं झालं हुतं. आता दुपारी आडवी झाले की पडद्यापलीकडं श्वास ऐकू येतात. एक थकलेला, एक तरणा. कुणालाच धाप न्हाई. मी उठून बघत न्हाई. कूस बदलते आणि मला झोप लागते.

गाडी आता बिनघोर पावण्यांना दे. सोनियाला सांग, पोळ्या पाठवल्यात त्या तुपाबरं खा. आमच्यावर, म्हंजे घरातल्या सगळ्यांवरच, जीव असू दे.
तुझी ताई, रंगूबाई