मूठभर कापसावर चालणारी गाडी

मी, गफ्फार वल्द रहीमबक्ष, वय बहात्तर, धंदा इंजिन मिस्त्री, राहणार उमरखेड, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा तनवीर याने आणून पाहिला. मी त्याला भीक घातली नाही.

१. गावाबाहेरचे तीन एकर शेत माझ्या कमाईचे आहे. त्याच्या धुऱ्याला लागून चारी बाजूंनी फिरणारे रूळ, टिनाची शेड आणि छोटी आगगाडी हेही माझेच. गाडी मी एका शहराच्या बालोद्यानातून लिलावात घेतली. त्या शहराचे नाव लिहून त्याला मोठे करीत नाही. ज्यांनी पोरांची गाडी पावसात सडू दिली, त्यांनी तिच्या जागी कारंजे बांधले, आणि त्यात पाणी कधी आलेच नाही. गाडीचे इंजिन मेलेले होते. मी त्यात विहिरीवरचे डिझेल इंजिन बसवले. गाव हसले. मग तेच गाव पोरे घेऊन रांगेत उभे राहिले. जास्त हसलेले सगळ्यात पुढे.

२. भाडे पहिल्यापासून एकच: मूठभर कापूस. ज्या वर्षी बाजारात कापसाला कुत्रेही विचारत नव्हते, त्या वर्षी माझ्या गाडीत त्याला तिकिटाचा मान होता. डब्यांतल्या गाद्या त्याच कापसाच्या आहेत. खोळी मुलगी शगुफ्ता हिने शिवल्या. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

३. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या दाखवायला टीव्हीवाले आले. त्यांना रडणारी विधवा हवी होती. तांड्यावरची भागीरथा देवसिंग राठोड, नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते, माझ्या डब्यात बसून हसत होती. तिने खाली उतरावे आणि घराच्या दारात उभे राहावे, असा त्यांचा आग्रह. ती म्हणाली, "कायले उतरू? रडाले मले घर आहे. इथं मी बसाले आली." ते तोंड वाकडे करून परत गेले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. आमच्या दारात असे पहिल्यांदाच घडले, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

४. माझे डोळे अधू झाले तेव्हा गाडी चालवायला भागीरथाच शिकली. पुढे मी मोतीबिंदूसाठी यवतमाळला दवाखान्यात असताना तनवीरने भंगारवाला आणला. "अब्बा को क्या पता चलेगा," असे तो म्हणाल्याचे रस्त्यापलीकडच्या चहावाल्या देवीलालने ऐकले. बापाच्या डोळ्यावर पट्टी होती, अकलेवर नव्हती. तीन डब्यांपैकी एक गॅस कटरने कापला गेला. दुसऱ्यात भागीरथा जाऊन बसली. तिला उतरायला सांगितले. "तुम्ही कापून राह्यले ना, कापा. मी नाही उतरत." भंगारवाल्याला लाज वाटली, तो निघून गेला. माझ्या मुलाला वाटली नाही.

५. आमच्या कायद्याने मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मला वारसांना न विचारता बाहेरच्या माणसाला देता येते. त्याप्रमाणे इंजिन, उरलेले दोन डबे, शेड, रूळ व रुळांखालची पट्टी भागीरथाला देतो. हे तिसऱ्या हिश्श्यात बसते, वकिलाने खात्री केली आहे. तिला दोनदा उतरायला सांगितले, दोनदा ती उतरली नाही. एवढी लायकी मला पुरे.

६. बाकी सर्व तनवीर व शगुफ्ता यांनी शरियतेप्रमाणे वाटून घ्यावे. शेत चांगले आहे. फक्त ते रुळांच्या आत आहे. वाट कायमची अडवायची नाही, हे भागीरथाला बंधन. गाडी जाईपर्यंत थांबायचे, हे तनवीरला. फाटक भागीरथा उघडेल. तनवीरने हॉर्न वाजवू नये.

७. माझ्या दफनाच्या दिवशीही गाडी बंद ठेवू नये. तनवीर त्या गाडीत एकदाही बसला नाही, हे मला लागले आहे. कधी बसावेसे वाटले तर त्याला नाही म्हणू नये. भाडे मात्र सगळ्यांचे तेच त्याचे: मूठभर कापूस. शेत पिकवणे त्याला कमीपणाचे वाटते, तेव्हा भागीरथाकडून मागून घ्यावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्दही मऊ करायचा नाही, असे सांगून सही केली.

सही: गफ्फार वल्द रहीमबक्ष

साक्षीदार:
१. देवीलाल जयस्वाल, चहावाले
२. धावजी पवार, शेतकरी

ठिकाण: उमरखेड
दिनांक: ११ डिसेंबर २००९