भेसळीच्या उत्तराची मेजवानी

टूसॉन, १२ मे

प्रिय वेंडेल,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणारच, तेव्हा उत्तर कळवण्याची तसदी घेऊ नकोस. मी ठणठणीत आहे. विश्वाची प्रकृती मात्र बिघडलेली दिसते.

तुला ठाऊकच आहे, विश्वाला फुगवणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत नाही, असं मी तीस वर्षं शिकवत आले. (दोन विद्यार्थ्यांनी शंका काढली होती. दोघांनाही मी नापास केलं. अर्थात इतर कारणांसाठी.) आता आमच्या डोंगरावरच्या दुर्बिणीने लाखो दीर्घिकांची अंतरं मोजली आहेत. लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश जुना, त्यामुळे कोणत्या युगात विश्व किती वेगाने फुगत होतं ते कळतं. पण माणूस लबाड. हवं ते उत्तर आलं की तपासणं थांबवतो. म्हणून आमच्यात आकड्यांत आधी मुद्दाम भेसळ करतात. किती, ते कुणालाच सांगत नाहीत. मोजण्याची पद्धत ठरून सगळ्यांच्या सह्या झाल्या, की मगच भेसळ काढायची, आणि नंतर काही म्हणजे काही बदलायचं नाही. हा नियम आमच्या गटात मीच आणला. मोडणाऱ्याला झापतेही मीच.

मंगळवारी पहिलं उत्तर आलं: ऊर्जा तसूभरही बदललेली नाही. मी सगळ्या मजल्यासाठी मक्याच्या पिठाचे गरम तमाले मागवले आणि वीस मिनिटं भाषण केलं. माझा सहकारी रेमुंडो तिसरा तमाले संपवून म्हणाला, "ऑगस्टाबाई, भाषण झकास. पण भेसळ अजून आतच आहे."

"मग आधी का नाही बोललास?"

"तमाले गार झाले असते."

गुरुवारी भेसळ काढली. ऊर्जा हळूहळू ओसरत असल्यासारखी दिसते. (छातीठोक सांगावं इतका पुरावा नाही, हसून उडवावं इतका कमीही नाही.) मी तासाभरात उपकरणातला एक दोष शोधून काढला. रेमुंडोने विचारलं, "हा दोष मंगळवारी सापडला असता का हो?" मी त्याला खोलीबाहेर काढलं. मग नियमाचा कागद वाचला, खालची माझी सही पाहिली, आणि त्याला परत आत बोलावलं. निकाल आहे तसाच जाणार.

तुझी,
ऑगस्टा

ता. क. माझ्या थडग्याचा दगड तू कोरायला घेतला आहेस (हयातीतच झालेला बरा, मागाहून तू जन्मसाल चुकवशील). त्यावर 'तिने मोजलं. ते बदलत नाही.' असं ठरलं होतं. पहिलं वाक्य कोर, दुसऱ्याची जागा मोकळी ठेव. मोजणी पुरी व्हायला आणखी तीन वर्षं आहेत. तोवर मरायचा माझा विचार नाही.

आणखी एक. दुसरं वाक्य कोरून झालंच असेल, तर घासून काढायची घाई करू नकोस.