काळ्या टाकीचे झाकण

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
मौजे खडकमाळ, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी साहेब,
ग्रामठराव पडताळणी कक्ष,
जुनी इमारत, जिन्याखालील खोली.

विषय : खडकमाळ फाट्यावरील नियोजित देशी दारू दुकानास विरोध करणाऱ्या ३१२ महिला अस्तित्वात असल्याबाबत व आमच्या प्रिंटरमधून काळी शाई येत नसल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे परिपत्रक, कलम ४ (ख).
२) आमचा दि. २४ ऑक्टोबरचा अर्ज.
३) आपले दि. ६ नोव्हेंबरचे पत्र, ज्यात आम्ही कोणीच नाही.

महोदय,

मी, वाघजाई महिला बचत गटाची सचिव, स्वयंपाक आटोपून व पूर्ण शुद्धीवर राहून हा अर्ज करते. अक्षरे जांभळी दिसत असल्यास आपल्या डोळ्यांत दोष नाही, ती जांभळीच आहेत. गुलाबी शाई संपत आल्यामुळे दुसऱ्या पानापासून ती हिरवट होतील. म्हणणे मात्र तेच राहील, याची खात्री बाळगावी.

१. खडकमाळ फाट्यावर एसटीचा निवारा आहे. आमच्या गावच्या एकोणतीस मुली व बायका सुप्याच्या कंपन्यांत कामाला जातात आणि संध्याकाळी सातच्या गाडीने तेथे उतरतात. माझी मुलगी निकिता त्यांपैकी एक आहे. या निवाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून श्री. श्रीमंत काकासाहेब वाळुंज हे १ डिसेंबरपासून देशी दारूचे दुकान सुरू करणार आहेत. त्यानंतर काय होईल हे शोधायला समिती नेमण्याची गरज नाही. पहिल्या आठवड्यात कोणीतरी कोणाला तरी काहीतरी बोलेल आणि दुसऱ्या आठवड्यात एकोणतीस घरांतून मुलींना सांगितले जाईल की झाली तेवढी नोकरी पुरे. दुकान चालू राहील आणि मुली घरी बसतील. निकिताच्या वडिलांनी तर आताच विचारायला सुरुवात केली आहे की, पारनेरात एखादे काम मिळते का बघ. आमची सगळी धडपड एवढ्यासाठी आहे.

२. असे दुकान नको असल्यास गावातील महिलांनी नावांची यादी व सह्या देऊन आपल्या कक्षाकडे अर्ज करावा, असे आपले परिपत्रक सांगते. त्यातील कलम ४ (ख) नुसार, दुकान मागणाऱ्याचा असो वा विरोध करणाऱ्यांचा, अर्ज व यादी छापील हवी, काळ्या शाईत हवी आणि अर्जदाराच्या स्वतःच्या यंत्रावर छापलेली हवी. हाताने लिहिलेली चालत नाही, दुकानातून काढून आणलेलीही चालत नाही. बनावट याद्या टाळण्यासाठी हा नियम केल्याचे समजते. आमच्या गटाकडे सुदैवाने स्वतःचा प्रिंटर आहे. तो माझ्या घरी शिलाई मशीनशेजारी असतो. त्याला चार टाक्या आहेत, पिवळी, गुलाबी, निळी आणि काळी, व त्यांत बाटलीने शाई भरावी लागते.

३. येथे आमची चूक झाली आणि ती मी लपवत नाही. १ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, विहिरीवरची मोटार, ट्रॅक्टर, जे जे वर्षभर राबते त्याची पूजा करतात, हे आपणांस ठाऊक असेलच. यादी छापायची म्हणून त्या सकाळी मी काळी टाकी काठोकाठ भरली आणि झाकण तसेच उघडे ठेवून हात धुवायला मोरीत गेले. परत येते तो चाळीस बायका ताटे घेऊन हजर. जे यंत्र आपली नावे सरकारला कळवणार त्याची पूजा नको का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी झेंडू वाहिला, नारळ उंबऱ्याबाहेर फोडला आणि मग कुंकू वाहायला घेतले. आमच्या गटातील सर्वांत वडील सभासद सौ. बनुबाई पठारे, वय ७१, यांनी पहिली चिमूट काळ्या टाकीवर सोडली. काळीच का, असे विचारता त्या म्हणाल्या, "पिवळ्यावर कुंकू कोन बघतंय? काळ्यावर लई उठून दिसतं." मोठ्या माणसाने केले म्हणून पुढच्या एकोणचाळीस जणींनीही तेच केले. झाकण उघडे असल्याचे चाळिसावी चिमूट पडल्यावर माझ्या लक्षात आले.

४. त्या दिवसापासून काळे उमटणे बंद झाले. आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. प्रिंटर बंद करून चालू केला. वायर काढून घातली. टाकी भरलेली दिसत असूनही शाई येत नाही म्हणून तिला बाहेरून टिचक्या मारल्या. हेड क्लीनिंग अकरा वेळा केले, आणि प्रत्येक वेळी यंत्राने बराच वेळ घरघर करून बाकीच्या तिन्ही शाया तेवढ्या पिऊन टाकल्या. एक रात्र पूर्ण विश्रांती दिली. कॉम्प्युटरमधून प्रिंटरचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले. नोझल चेक नावाचा एक तपासणीचा कागद निघतो, त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघा जिन्यासारख्या यायला हव्यात. तो कागद मी अठरा वेळा काढला. पिवळा जिना आला, गुलाबी आला, निळा आला, आणि चौथ्या जागी अठराही वेळा कोरा कागद. शेवटी यंत्र गोणपाटात गुंडाळून सुप्याला गोरक्ष मेकॅनिककडे नेले. त्याने आतली नळी उजेडात धरली व म्हणाला, "ताई, हिच्यात शाई न्हाई, गंध झालाय." नळी आणि हेड दोन्ही बदलावी लागतील, पुण्याहून मागवतो, आले की फोन करतो, असे त्याने सांगितले. फोन अजून आलेला नाही.

५. एक तोड मात्र गोरक्षनेच सांगितली. कागदाचा प्रकार 'फोटो पेपर' निवडला की यंत्र काळ्या टाकीकडे जातच नाही, उरलेले तीन रंग एकत्र करून काळे केल्यासारखे करते. ते जांभळट येते. तशी यादी घेऊन मी व बनुबाई ९ ऑक्टोबरला कक्षात आलो. लिपिक महोदयांनी ती खिडकीशी नेऊन पाहिली आणि कलम ४ (ख) वर बोट ठेवले. यंत्राची हकीकत सांगितली, तर शासनाच्या नियमात कुंकू कोठेच बसत नाही, असे त्यांनी ऐकवले. शेवटची तारीख २४ ऑक्टोबर असून तोवर यादीत जांभळे काहीही दिसता कामा नये, हेही बजावले. आम्ही ते लिहून घेतले.

६. २४ ऑक्टोबर म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस. माहेरी गेलेल्या बायका भावाला ओवाळून पहाटेच्या गाड्यांनी परत आल्या. एकजण थेट पुणतांब्याहून आली, कडेवर मूल घेऊन. सुट्या भागांचा पत्ता नव्हता. तारीख तर हुकवायची नव्हती. मग साधा कागद निवडून यंत्र जसे छापते तसे छापू दिले. शीर्षक गुलाबी आले, चौकटी निळ्या आल्या आणि नावांचा रकाना कोरा राहिला. त्या कोऱ्या रकान्यापुढे ३१२ जणींनी सह्या केल्या. बनुबाई सही शिकल्या त्या मागच्या थंडीत, आमच्या ओट्यावर, नातवाच्या पाटीवर. ही त्यांची पहिली सरकारी सही होती. तिला चार मिनिटे लागली आणि अक्षरे तीन चौकटींत पसरली, पण मागच्या रांगेतून कोणीही घाई केली नाही. त्याच दुपारी आम्ही यादी कक्षात दिली. लिपिक महोदयांनी ती चाळली, आता जांभळे काही नाही, बरे झाले, असे म्हणाले आणि 'अर्ज परिपूर्ण' असा शिक्का मारून दिला. शिक्क्याची शाई जांभळी आहे.

७. त्यानंतर आपले ६ नोव्हेंबरचे पत्र आले. त्यात लिहिले आहे की, "यादीची काटेकोर तपासणी केली असता तीत एकाही महिलेचे नाव आढळून आले नाही. सबब सदर दुकानास विरोध करणारी एकही महिला मौजे खडकमाळ येथे नाही, असा निष्कर्ष काढण्यात येत आहे." महोदय, मी हे पत्र गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचले. काही जणी हसल्या. बनुबाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्र मागून घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, "मंग ती सही कुनाची हाय?" तो प्रश्न मी आपल्याकडे पाठवत आहे. एकाहत्तराव्या वर्षी एक बाई अंगठा सोडून सही करते, पूर्ण 'बनुबाई' असे वाचता येईल इतकी ठळक, आणि आपला कक्ष तिला सांगतो की तू तेथे नव्हतीस. याचा मला राग आला आहे आणि तो अर्जात नमूद करणे मी योग्य समजते.

८. श्री. वाळुंज यांचा अर्ज आपल्याच कक्षाने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. तो अर्ज मूळ अर्ज आहे, त्याची झेरॉक्स नाही, हे मी मागून हात फिरवून पाहिले. काय ते काळे! पाहून हेवा वाटला. पण महिनाभर नोझलचे कागद डोळ्यांशी धरून मला एक वाईट खोड लागली आहे, छापलेला कोणताही कागद दिसला की मी त्याच्या रेघा बघते. श्री. वाळुंज यांच्या अर्जात दर चौथ्या ओळीच्या पोटातून केसाएवढी पांढरी रेघ आडवी गेली आहे आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तिळाएवढा रोलरचा डाग आहे. मी घरी येऊन आपले ६ नोव्हेंबरचे पत्र काढले. त्यातही दर चौथ्या ओळीत तीच रेघ आणि त्याच कोपऱ्यात तोच डाग. गोरक्षलाही दोन्ही कागदांचे फोटो पाठवले. त्याने कळवले की, एकाच यंत्राची दोन बाळंतपणे आहेत. कलम ४ (ख) प्रमाणे अर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या यंत्रावर छापलेला हवा. तेव्हा एकतर आपल्या कक्षातील प्रिंटर श्री. वाळुंज यांच्या मालकीचा आहे, किंवा दुसरी गोष्ट आहे. दुसरी गोष्ट मी येथे लिहीत नाही, कारण गुलाबी शाई फार थोडी उरली आहे.

९. करिता विनंती अशी की, आम्ही नसल्याचे पत्र मागे घ्यावे. ज्या कलमाखाली आमची यादी जांभळी म्हणून परत केली त्याच कलमाखाली श्री. वाळुंज यांचा अर्जही परत करावा. आणि १ डिसेंबरच्या आत कोणीतरी संध्याकाळी सातच्या गाडीला फाट्यावर येऊन उभे राहावे व उतरणाऱ्या बायका मोजाव्यात. त्याला शाई लागत नाही.

१०. हा अर्ज वाचून दाखवला तेव्हा बनुबाईंनी एक गोष्ट ध्यानात आणून दिली, ती येथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या म्हणाल्या, "त्यांची मशीन एवढी राबती, लोकांची बी कामं करती, अन् तिची पूजा कुनीच केल्याली दिसत न्हाई." हे सर्वांनाच पटले. गटाने एकमताने ठरवले आहे की, तोवर वरील विनंतीचा निकाल न लागल्यास, सोमवार दि. २४ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजता आम्ही ३१२ महिला आपल्या कक्षातील प्रिंटरची यथासांग पूजा करण्यास येत आहोत. खोली जिन्याखाली असल्याने चाळीस-चाळीसच्या तुकडीने आत येऊ, गर्दी होणार नाही. ताटे, झेंडू, नारळ व कुंकू आम्ही आणू. कक्षास कसलाही खर्च नाही. प्रत्येकीने एकच चिमूट वाहायची, असे सर्वांना समजावून सांगितले आहे. आपण फक्त त्या दिवशी काळी टाकी भरून ठेवावी व तिचे झाकण उघडे राहील असे पाहावे, ही नम्र विनंती.

आपली, तपासणीत आढळून न आलेली,

(सही)
सौ. राजेश्वरी हनुमंत औटी
सचिव, वाघजाई महिला बचत गट, खडकमाळ

सोबत :
१) नोझल चेकचे कागद, अठरा. (चौथा जिना कोठेही नाही.)
२) 'अर्ज परिपूर्ण' या जांभळ्या शिक्क्याची प्रत.
३) श्री. वाळुंज यांच्या अर्जाचा फोटो व आपले पत्र, दोन्हींतील पांढऱ्या रेघांवर पेन्सिलीने खुणा करून.
४) सौ. बनुबाई पठारे यांची सही, पुन्हा एकदा, पूर्ण पानभर.
५) कुंकू, एक चिमूट, नमुन्यादाखल.